माळ्यावरची विळी

ढाणकीतल्या त्या घरात विळीचा मान मोठा. पाट वापरून गुळगुळीत झालेला, पातं वर वळलेलं, धार बसणाऱ्या बाईकडे. सुरी हाताबरोबर फिरते. विळी जागची हलत नाही. पाटावर पाय रोवून बसावं, वांगं दोन्ही हातांनी तिच्यावर रेटावं, तेव्हा ती कापते. आपणहून तिने कधी कुणाच्या वाटेला जाऊ नये, असा तिचा स्वभाव.

सध्या मात्र ती माळ्यावर आहे, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. घरात बाळंतीण आहे. अंबाडी चिरताना तिच्या मनात आलं, ‘हिनं मी बाळाला काही केलं तर?’ अंगावर काटा आला. तेव्हापासून ती बाळाजवळ एकटी थांबत नाही. “आत्याबाई, विळी वरच आहे ना?” सासू म्हणते, “आहे गं बाई.” घटकाभर बरं वाटतं. मग पुन्हा तोच प्रश्न.

मंत्रचळ म्हटलं की आपल्याला सारखे हात धुणारा माणूस आठवतो. हिचा त्रास त्याचाच प्रकार, फक्त लाजेपोटी लपवलेला. नको ते विचार कुणाला येत नाहीत? रॅकमन आणि डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली विचारलं, तेव्हा सुमारे ८० टक्के निरोगी माणसांनी हो म्हटलं. इतरांचा विचार येतो नि जातो. हिला बाळ जिवापाड प्यारं, म्हणून तोच विचार हिला धरून बसतो. आणि विळी लपवली की मनाची खात्रीच पटते, धोका खरा होता.

सासूने मायेनंच लपवली, पण आजार त्यावरच पोसतो. लंडनचे मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये उलटी वाट दाखवली: भीतीजवळ थांबायचं आणि खात्री करून घ्यायची नाही. म्हणजे विळी आधी खाली येते, मग कोपऱ्यात उघडी राहते, मग बाळ पाळण्यात असताना तिच्यावर भाजी चिरली जाते. हे जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली. लागल्यास गोळ्याही, अंगावर पाजणाऱ्या आईला चालतील अशा.

भास होत असतील, किंवा तो विचारच योग्य वाटू लागला असेल, तर गोष्ट वेगळी. त्याच दिवशी दवाखाना गाठा. एरवी तिला ‘असं मनात आणतेस कशी’ म्हणू नका. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखवा, नाहीतर टेलिमानस या हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, दिवसरात्र लागतो आणि मराठीत बोलता येतं.