तळ्यात नाही, मळ्यात नाही

माजिवड्याच्या उड्डाणपुलापाशी एक रस्ता नाशिकला फुटतो, एक घोडबंदरला. पुलाच्या कडेला अजून गाव आहे. बाळकूम, कोलशेतकडे गेलं की उल्हासची खाडी लागते. तलावांचं शहर म्हणून ठाण्यातल्या तळ्यांचा हिशेब वरचेवर मांडला जातो. हा माशांचा.

मरळ. तोंडाने हवा घेते, त्यामुळे आटत्या तळ्याच्या चिखलातही तग धरते. पावसाळ्यात ओल्या गवतावरून सरपटत शेजारच्या डबक्यात जाते. पिल्लांवर आईबाप पहारा देतात. एवढ्या चिवट माशाला दगडी काठाने हरवलं. मरळ अंडी घालते ती उथळ, गवताळ कडेला, आणि सुशोभीकरणात आधी जाते ती कडच. भिंत येते, जॉगिंग ट्रॅक येतो, रोषणाई येते, मधे कारंजं उडतं. पाणी तेवढंच राहतं, फोटोत तर जास्तच दिसतं.

मांगूर. गावठी आता क्वचित. त्या नावावर विकला जातो तो बहुतेक आफ्रिकन. त्याच्या पालनाला देशात 2000 सालापासून बंदी आहे. विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘गावठीच हाय.’

शिंगी. हिचा काटा लागला की हात सणकतो. चिखलात हात घालणारेच कमी झाले.

वलगणीचे मासे. ही एक जात नव्हे, हा मोसम. पहिला जोराचा पाऊस झाला की खवली, शिवडा, शिंगटी, वाम असे कितीतरी मासे प्रवाहाच्या उलट चढत ओढ्यांतून भातखाचरांत शिरायचे. अंडी तिथे घालायची, पिल्लं तिथे वाढायची, आणि पाणी ओसरताना परत खाली. माणसं रात्री बत्ती घेऊन बांधावर. कोणी पाग टाकी, कोणी बांधाच्या तोंडाशी जाळं लावी. पकडलेल्या मादीच्या पोटात गाबोळी असे आणि ती आवडीने खात. गाबोळीचा मासा धरू नये, हे मला पटतं. पण या खाण्याला मासे पुरून उरत होते, खाचरं होती तोवर. खाचरांवर भराव पडला, ओढा मोरीत गेला. चढून जायचं ते ठिकाणच राहिलं नाही. आता वलगणीला जायचं तर शहापूर, मुरबाडकडे.

मळे. बोटभर. खडकाला चिकटून शेवाळ खरवडतात. त्यांना वाहतं, स्वच्छ पाणी लागतं.

गेळ आणि कुंभा. हे मासे नव्हेत, झाडं. गेळाची फळं किंवा कुंभ्याची साल ठेचून डोहात टाकली की मासे गुंगून वर येत. कातकऱ्यांची ही जुनी रीत, एका डोहापुरती. तिच्या जागी ब्लीचिंग पावडर आली आणि ती पिल्लंही सोडत नाही.

महाशीर. वैतरणेवर तिळसेश्वराच्या डोहात आहे. देवाचा मासा म्हणून कोणी धरत नाही, भाविक चणे-कुरमुरे टाकतात. तिळसे वाडा तालुक्यात. 2014मध्ये पालघर वेगळा झाला आणि हा डोह ठाणे जिल्ह्याच्या यादीतून कागदोपत्रीही गेला.

रोहू, कटला, मृगळ. मूळचे गंगेकडचे. साठलेल्या पाण्यात त्यांची वीण होत नाही, बीज आणून सोडावं लागतं. तळं माशांनी भरलेलं दिसतं ते या बिजामुळे. माजिवड्याच्या बाजारात बर्फात असतात ते बरेचसे आंध्रच्या शेततळ्यांतले.

चिलापी. आफ्रिकेतली. भारतात आणली 1952मध्ये. काठावरून पाव टाकल्यावर उसळणाऱ्या गर्दीत बहुधा हीच असते. मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे गवताळ कड लागत नाही, खाचर लागत नाही. निमखारं पाणी चालतं, सांडपाणीही चालतं. चिखलाचा वास येतो म्हणून पुष्कळ घरांत अजून चालत नाही. स्वस्त आहे मात्र.