नाना पेठेतले तेलपाणी

पुण्याची नाना पेठ आधी नाकाला सापडते आणि मग डोळ्यांना. लक्ष्मी रस्त्याने पूर्वेकडे चालत निघावे. साड्यांची दुकाने आणि सराफांच्या पेढ्या मागे पडतात, सोन्या मारुतीचा चौक ओलांडला जातो, आणि बघता बघता उदबत्तीच्या वासाची जागा पेट्रोल, रबर आणि तापलेले लोखंड यांचा वास घेतो. इथून पुढे दुकानांच्या दारांवर तोरणांसारख्या लटकतात त्या चेनी, आरसे, क्लचच्या तारा, सायलेन्सर आणि टायर. पुणे हे दुचाक्यांचे शहर; आणि या शहराच्या दुचाकीला जे जे म्हणून सुटे लागते, ते ते या पेठेत गुण्यागोविंदाने एकत्र नांदते.

पेठेला नाव नाना फडणिसांचे. इथेच निवडुंग्या विठोबाचे देऊळ आहे आणि आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी याच देवळात मुक्काम करते. पलीकडे क्वार्टर गेटापाशी सिटी चर्च उभे आहे. त्याला १७९२ साली सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत जागा मिळाली. विठोबा आणि चर्च या दोहोंच्या मधल्या मुलखात पाने, पकडी आणि ग्रीसने माखलेल्या हातांचे राज्य आहे. पुणेकर ज्या पेठांचा अभिमान मिरवतात त्यांत या पेठेचे नाव सहसा येत नाही. पण सदाशिव-नारायणातला अभिमानी पुणेकरसुद्धा गाडी अडली की निमूटपणे इथेच येतो.

येतो तो ‘तेलपाणी’ करायला. हा शब्द मला फार आवडतो. गाडीची निगा म्हणजे तेलपाणी, इतके मराठी माणसाने पूर्वीपासून ठरवून टाकले आहे. त्याहून जुना शब्द ‘वंगण’. बैलगाडीच्या खाली वंगणाचे नळकांडे टांगलेले असे आणि चाक कुरकुरू लागले की गाडीवान उतरून आसाला वंगण देई. त्यात बहुधा एरंडेल असे. गंमत अशी की, इंग्लंडात वेकफील्ड नावाच्या गृहस्थांनी १९०९ साली आपल्या इंजिनाच्या तेलाला ‘कॅस्ट्रॉल’ हे नाव दिले तेही एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच. पहिल्या महायुद्धातली कितीतरी विमाने एरंडेलावर उडाली. म्हणजे आमचा गाडीवान आणि तिकडचा वैमानिक हे दोघे एकाच तेलाचे गिऱ्हाईक होते!

आज मात्र वंगणाच्या दुकानापुढे उभे राहिले की माणूस गोंधळतो. भिंतभर डबे. प्रत्येकावर आकडे आणि अक्षरे. त्यातून निवडायचे कसे? मी या पेठेत वर्षानुवर्षे उभा राहून गिऱ्हाइकांचे बोलणे ऐकत आलो आहे. त्यांचे तीन पंथ आहेत. पहिला म्हणतो, “जाड द्या.” दुसरा म्हणतो, “भारीतलं द्या.” तिसरा म्हणतो, “शेजाऱ्याच्या गाडीत घातलंय तेच द्या.” आपल्या गाडीला काय मानवते हे विचारणारा चौथा क्वचितच येतो, आणि खरे म्हणजे तेवढाच एक प्रश्न विचारण्याजोगा आहे. त्याचे उत्तर गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत असते, आणि पुस्तिका घरी कपाटात असते.

ते आकडे वाटतात तितके अवघड नाहीत. डब्यावर ‘२०डब्ल्यू-५०’ असे लिहिलेले असते. ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, हिवाळा. पहिला आकडा थंड तेल किती सहज हलते ते सांगतो. तो जितका लहान तितके तेल थंडीत चपळ. दुसरा आकडा तापलेल्या इंजिनात, म्हणजे शंभर अंश सेल्सिअसला, तेल किती दाट राहते ते सांगतो. ‘२०डब्ल्यू’ची परीक्षा उणे पंधरा अंशांना घेतात, ‘१०डब्ल्यू’ची उणे पंचवीसला. पुण्याच्या थंडीचे आपण कितीही कौतुक केले तरी शिवाजीनगरचा पारा तिथवर कधी उतरलेला नाही. पण म्हणून पहिला आकडा निरुपयोगी नव्हे. सकाळी पहिली किक मारल्यावर तेल इंजिनाच्या डोक्यापर्यंत पोचायला लागणारे ते काही क्षण, त्या क्षणांत बरीच झीज होते. नव्या इंजिनांत फटी बारीक असतात, त्यांना पातळ तेल हवे. जुन्या, सैल इंजिनांना दाट हवे. ‘जाड ते चांगले’ हा नियम नाही. ती आपली खव्यामलईवरून झालेली समजूत आहे.

जुन्या लोखंडी इंजिनाची बुलेट या बाबतीत मोठी शिक्षिका आहे. माझ्याकडे ती आहे म्हणून मी या पेठेचा वारकरी झालो. मद्रासजवळ तिरुवोट्रियूरला जन्मलेल्या या फटफटीत तेलाची बिऱ्हाडे तीन. इंजिनात सव्वादोन लिटरच्या आसपास २०डब्ल्यू-५०. उजव्या पायाशी गिअरबॉक्स, त्यात ‘ईपी ९०’ हे गिअरचे तेल. आणि डाव्या अंगाच्या पेटीत क्लच आणि त्याची चेन, त्यांना तिसरेच, पातळ तेल. तिन्ही घरांची चूल वेगळी.

इथे नवखा माणूस हमखास अडखळतो. इंजिनाला पन्नास आणि गिअरला नव्वद, म्हणजे गिअरचे तेल जवळजवळ दुप्पट दाट? मुळीच नाही. दोन्ही तेलांची मोजपट्टीच निराळी आहे. शंभर अंशांना मोजले तर नव्वद नंबरचे गिअरचे तेल इंजिनाच्या चाळीस-पन्नास नंबरच्या तेलाइतकेच भरते. मेट्रिक मापे येण्यापूर्वी आपल्याकडे मापी शेर वेगळा आणि वजनी शेर वेगळा होता ना, तसलाच हा प्रकार. खरा फरक दाटपणात नसून गुणात आहे. गिअरचे दात एकमेकांवर जबर दाबाने घासतात. तो दाब सोसावा म्हणून त्या तेलात गंधक आणि फॉस्फरस यांची संयुगे घालतात. डब्याचे झाकण उघडताच जो उग्र दर्प येतो तो त्या गंधकाचा. आणि हेच द्रव्य प्रमाणाबाहेर कडक असले तर आतल्या पितळी-काशाच्या बुशांना खाते. म्हणून जुन्या गिअरबॉक्सला डब्यावर ‘जीएल-४’ लिहिलेले सौम्य तेल द्यावे. ‘जीएल-५’ वरचढ दिसते, पण इथे ते वरचढपण उपयोगाचे नाही.

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९९६ पर्यंत बाहेर पडलेल्या येझदीचा संसार आणखी निराळा. तिचे इंजिनाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळायचे आणि ते जळून जायचे. गिअर आणि क्लचचे तेल तेवढे वेगळे. आणि आजच्या बहुतेक सगळ्या मोटारसायकलींत एकत्र कुटुंब आहे. इंजिन, गिअर आणि क्लच एकाच तेलात नांदतात. या एकत्र कुटुंबातली एक भानगड गेल्या वर्षी मी डोळ्यांनी पाहिली.

मी ज्यांच्याकडे जातो त्या मिस्त्रींना सगळी पेठ चाचा म्हणते. सकाळचे दहा वाजले असतील. सासवडच्या पलीकडचे एक दूधवाले आपली गाडी घेऊन आले. मागे रिकाम्या किटल्या, चेहरा उतरलेला.

“चाचा, गाडी घाट चढंना. इंजिन नुसतं बोंबलतंय, चाक हलंना. काल पेंडीची पोती दिवे घाटात उतरवून ठिवली अन् दोन खेपा केल्या.”

दिवे घाट म्हणजे ज्ञानोबांच्या पालखीची वाट. सकाळी भरल्या किटल्या घेऊन उतरताना गाडीला काही कळत नाही. दुपारी सरकीची पेंड घेऊन चढताना तिची परीक्षा होते. संध्याकाळच्या धारेच्या आत घरी पोचले नाही तर दुसऱ्या दिवसाच्या दुधाचे गणित बिघडते.

शेजारच्या पोऱ्याने लगेच निदान केले, “क्लचप्लेटा गेल्या.” दूधवाल्यांनी खिशाला हात लावला, त्या हातावरूनच कळत होते की, खिशात तेवढे पैसे नाहीत.

चाचांनी गाडीला हात न लावता विचारले, “तेल कधी बदललं, मामा?”

“चार दिस झालं. भाच्याच्या मोटारीतलं नवंकोरं उरलं व्हतं. लई भारीतलं हाय म्हणाला.”

चाचा हसले. “मामा, तेल भारीच आहे. पण मोटारीचं आहे.”

गोम अशी. मोटारीचा क्लच कोरडा असतो. तेलाचा आणि त्याचा संबंध येत नाही. म्हणून मोटारीच्या कित्येक तेलांत घर्षण आणखी कमी करणारी द्रव्ये घालतात, पेट्रोल वाचावे म्हणून. मोटारसायकलीच्या क्लचप्लेटा मात्र तेलात बुडालेल्या असतात, आणि त्यांनी एकमेकींना घट्ट धरले तरच चाकाला जोर पोचतो. तेच निसरडे तेल तिथे गेले की प्लेटा सरकू लागतात. इंजिन ओरडते आणि गाडी जागची हलत नाही. हे ओळखून जपानी मोटार उद्योगाच्या ‘जासो’ या संस्थेने १९९८ साली मोटारसायकलींच्या तेलासाठी वेगळे मानक बांधले. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ असेल तर ते तेल ओल्या क्लचला चालते. ‘एमबी’ हे ज्या गाड्यांचा क्लच तेलात बुडत नाही त्यांच्यासाठी. सगळ्या भिंतभर डब्यांवरची ही दोन अक्षरे शोधायला शिकले तरी निम्मे काम झाले.

“आधी तेल बदलू,” चाचा म्हणाले. “प्लेटा जळल्या असतील तर मग बघू. आज प्लेटा टाकल्या आणि तेल हेच ठेवलं, तर आठ दिवसांत पुन्हा इथंच याल.”

तेल बदलणे पाहण्यासारखे असते. चाचांनी इंजिन चार मिनिटे चालवून कोमट केले. गरम तेल पातळ होऊन गाळासकट उतरते. गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी केली, खाली ट्रे सरकवला, वरचे झाकण सैल केले आणि मग खालचा नट. तेलाची धार पडू लागली. ती थांबल्यावरही चाचा थांबले. “शेवटचं थेंब थेंब येतं, त्यातच घाण असते.” दहा मिनिटांनी जाळी धुतली, नटाचा जुना वायसर टाकून नवा घातला आणि पुस्तिकेत असेल तेवढेच तेल मापाने ओतले. जास्त नाही. तुडुंब भरलेल्या तेलाचा फेस होतो, आणि फेसाने वंगण होत नाही. मग इंजिन दोन मिनिटे चालवून बंद केले, तेल खाली बसू दिले आणि कांडीवरच्या दोन रेघांच्या मध्ये ते आले आहे ना ते पाहिले. शेवटी रिकाम्या डब्याला खिळा मारून भोक पाडले. बनावट तेल भरून कोणी तो पुन्हा विकू नये म्हणून.

दूधवाले क्वार्टर गेटापर्यंत जाऊन आले. “अजून थोडी सरकतीय,” ते म्हणाले. चाचा म्हणाले, प्लेटांत मुरलेले तेल निघायला वेळ लागेल. पाचशे किलोमीटर झाले की पुन्हा या, पुन्हा बदलू. पैसे त्यांनी एकाच खेपेचे घेतले. पुढल्या महिन्यात मी गेलो तेव्हा कळले की, दिवे घाट दोन पोत्यांसकट चढला होता आणि चाचांच्या घरी त्या दिवशी खरवसाला चीक आला होता.

त्या दिवशी ट्रेमधले आधीचे तेल चार दिवसांतच थोडे काळवंडले होते. लोक काळ्या तेलाला नावे ठेवतात. पण चांगले तेल काळे पडतेच. इंजिनातली काजळी आणि धातूचा चुरा ते कुठे चिकटू देत नाही, स्वतःत तरंगत ठेवते. काळेपणा ही त्याच्या कामाची खूण आहे. तेलाला घर्षण जिथे नको तिथे घालवायचे असते, जिथे हवे तिथे राखायचे असते, आणि वर सगळ्यांचा मळ आपल्या अंगावर घ्यायचा असतो. हे ओझे पेलेनासे झाले की ते बदलायचे.

आणि बदललेले तेल जाते कुठे? हा प्रश्न पेठेत फारसा कोणी विचारत नाही. काही सेंट्रिंगच्या फळ्यांना लागते, काही वाळवी लागू नये म्हणून लाकडांना. त्याचा राजकीय उपयोग वर्तमानपत्रांच्या वाचकांना ठाऊक आहेच. पण बरेचसे गटारात जाते. पेठेच्या पश्चिम अंगाला नागझरी वाहते. ती मुठेला मिळते, मुठा संगमावर मुळेला, मुळा-मुठा भीमेला. आणि भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते. निवडुंग्या विठोबाच्या दारातून पालखी निघते ती लोणी-यवतच्या रस्त्याने पंढरीला जाते. आणि त्याच पेठेच्या गटारातून निघालेला तवंगही पाण्याच्या वाटेने त्याच दिशेला निघतो.

वास्तविक हे तेल टाकून देण्याजोगे नाहीच. ते मळते, पण मुळातले तेल फारसे झिजत नाही. शुद्ध करून त्याचे पुन्हा वंगण करता येते. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत ते आहे, आणि २०२३ साली आलेल्या नियमांनी १ एप्रिल २०२४ पासून त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी तेल बनवणाऱ्यांवर आणि आयात करणाऱ्यांवर टाकली आहे. चाचांच्या गॅरेजच्या कोपऱ्यात एक पिंप आहे. दर गाडीचा ट्रे त्यात रिता होतो, आणि पिंप भरले की परवाना असलेला माणूस येऊन ते घेऊन जातो. शेजारचे काही त्यांना हसतात.

तुम्ही कधी नाना पेठेत तेलपाण्याला गेलात तर पुस्तिका बरोबर न्या, डब्यावरची अक्षरे वाचा, आणि नट उघडला जाईल तेव्हा मिस्त्रींना एवढेच विचारा, “तुमच्याकडे पिंप आहे ना?” चार गिऱ्हाइकांनी विचारले की पाचव्या गॅरेजातही पिंप येईल.