दीड तासाचा ठोका

कोंबडीचं फलित अंडं ३८ अंशांवर ठेवलं की दीड-दोन दिवसांत त्यातला गर्भ कामाजोगा होतो. किती तास झाले ते वहीत लिहितेच. वय मात्र मोजते सोमाइटांवरून. मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ठोकळ्यांसारखे ते जोडीजोडीनं उमटतात आणि पुढे त्यांतून मणके, बरगड्या, पाठीचे स्नायू घडतात. दर दीड तासाला एक जोडी. एकाच वेळी ठेवलेल्या अंड्यांतले गर्भही पुढेमागे असतात, म्हणून तासांपेक्षा जोड्या विश्वासाच्या.

पण सारख्या जोड्यांचे गर्भ निवडले तरी ‘हेअरी’ जनुक जिथे चालू असतं तिथे रंगकामात उमटणारा जांभळा रंग सारखा येत नाही. एकात शेपटीकडचा बराच भाग रंगतो, दुसऱ्यात पुढे नुसता अरुंद पट्टा. मार्सेयमध्ये इझाबेल पाल्मेरिम, ऑलिव्हिए पुर्किए आणि सहकाऱ्यांनी याचा उलगडा केला, तो १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी गर्भाचा मागचा भाग उभा चिरला. एक अर्धा लगेच रसायनात टाकून जिथल्या तिथे थांबवला, दुसरा काही वेळ जिवंत ठेवला. मधल्या वेळी पाहिलं तर पट्टा पुढे सरकलेला. नव्वद मिनिटांनी दोन्ही अर्ध्यांचे रंग जुळलेले, फक्त दुसऱ्यात एक सोमाइट जास्त. पेशी जागच्या जागी होत्या, जनुकाची चालू-बंद होण्याची लाट त्यांच्यातून गेली होती.

हा छेद शिकवताना मी सांगते, सुई ओढू नका, दाबा. ओढलं की ऊती सुईला चिकटून चुरगळते आणि तुलनेला काही उरत नाही.

‘हेअरी’च्या कुळातल्या जनुकांपासून बनलेलं प्रथिन आपल्याच जनुकाला थोपवतं. ते विरलं की जनुक पुन्हा सुरू होतं. शेजारच्या पेशी नॉच संदेशानं एकमेकींशी लय जुळवतात, दिंडीतले टाळकरी जुळवतात तशी. शेपटीकडून येणारा एफजीएफ संदेश पेशींना कोवळं ठेवतो. तो जिथे ओसरतो तिथे पुढच्या सोमाइटाची सीमा आखली जाते. एफजीएफमध्ये भिजवलेला मणी तिथे ठेवला की सोमाइट लहान होतात. ठोका तोच, सीमा मात्र डोक्याकडे सरकते.

ही लाट सतत चालू असते, म्हणून रंगात इतरांशी न जुळणारा गर्भ विद्यार्थ्यांनी बाजूला काढला की आधी त्याच्या दोन्ही बाजू पाहायला लावते. रंगकाम बिघडलं असेल तर डाग सहसा वेडेवाकडे पडतात. डावी-उजवी बाजू तंतोतंत जुळत असेल, तर तो गर्भ टाकायचा नाही. तो फक्त ठोक्याच्या दुसऱ्या क्षणी थांबलेला असतो.