मामा-भाच्याचा वायरलेस

मंडळी, मागच्या महिन्यात माझ्या हातातल्या छोट्या वायरलेस संचाचा फोटो टाकला, तेव्हापासून एकच प्रश्न येतोय, "काका, कितीला पडला?" नातवंडांना वाढदिवसाला द्यावा असं दोघा-तिघांच्या मनात दिसतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

संच तीन हजारांच्या आत आला. पण त्याआधी आमचं दीड वर्ष गेलं. हे खेळणं नव्हे. हॅम रेडिओवर बोलायला केंद्र सरकारचा परवाना लागतो, आणि त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन वॉकी-टॉकी विकणाऱ्यांना १३ नोटिसा काढल्या, त्या याचसाठी. कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतो, परवाना लागतो का, सरकारी मंजुरी आहे का, काही न सांगता संच विकले जात होते.

आता आम्हाला हे खूळ का लागलं, ते. माझी थोरली बहीण तापीपलीकडे जैनाबादला भाच्याकडे असते. वय ८१. एका पावसाळ्यात वीज गेली, पाठोपाठ मोबाइल मुके झाले, आणि दीड दिवस ताईची काही खबर नाही. तिला दम्याचा त्रास. राजघाटावर उभं राहिलं की पलीकडचा काठ दिसतो, पण माणूस कसं आहे ते कळत नाही. ती खुशाल निघाली. पण त्या दीड दिवसात मी काय काय मनात आणलं ते इथे लिहीत नाही.

भाचा म्हणाला, "मामा, हॅम करू या." मला एवढंच माहीत होतं की २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद नावाच्या बाई हॅम केंद्र चालवायला अंदमानात गेलेल्या होत्या, आणि बाकी सगळं तुटलं तेव्हा त्यांनी तिथून निरोप पोचवले. आमची हौस तेवढी मोठी नव्हती. आम्हाला फक्त नदी ओलांडायची होती.

दोघांनी बोलायचं तर परवानेही दोन लागतात. बी.कॉम. झालेला मी सत्तरीनंतर ओहमचा नियम पाठ करत होतो आणि सौ. हसत होती. मोर्सची कट-कड कट जमणार नव्हती, म्हणून आम्ही रिस्ट्रिक्टेड ग्रेड घेतली, तिला मोर्स नाही. पास झालो, मग कागद फिरले, पोलीस चौकशी झाली. परवाना २० वर्षांचा हवा की आजीवन, असं फॉर्मवर विचारलं होतं. माझ्या वयाला दोन्ही सारखेच! शेवटी व्हीयू३ पासून सुरू होणारी दोन नावं हाती आली. नाव म्हणजे कॉलसाइन. हवेत आपली ओळख तीच.

मग संचाची निवड. दुकानदाराने आधी परवान्याची प्रत मागितली, तिथेच मला दुकान पटलं. केवायसी न मागता खातं उघडणाऱ्याकडे मी पैसे ठेवत नाही. महागडे जपानी संच त्याने दाखवले, पण आम्ही बाओफेंगच्या यूव्ही-५आर जातीचा स्वस्त संच घेतला. जवळपास ५ वॅट, दोन बँड, १२८ चॅनेल. वाचलेल्या पैशात जादा बॅटरी आणि लांब अँटेना घेतली, कारण या लहरी साधारण नजरेच्या टप्प्यापर्यंतच जातात. शहरातल्या पॉवरलूमच्या गल्ल्यांतून दोन किलोमीटरवर आवाज फाटायचा. एका रविवारी भाचा असीरगडावर चढला आणि मी गच्चीवर गेलो. अंतर २० किलोमीटरच्या आसपास, संच तोच, आणि त्याची धाप लागलेलीसुद्धा ऐकू आली. तेव्हा कंपनीपेक्षा उंचीकडे बघा. गच्ची असेल तर निम्मं काम झालं.

खरी गंमत प्रोग्रॅमिंगची. हा संच १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झपर्यंत बोलू शकतो. आपल्याला मात्र परवानगी फक्त १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ ची. बाकीच्या जागेत पोलीस आणि इतर सरकारी खाती. चुकून बटण दाबलं तरी गुन्हा, म्हणून मी चॅनेल भरूनच वापरतो, हाताने आकडे फिरवत नाही. संचावरूनही चॅनेल भरता येतात: २५ नंबरच्या मेनूत दिशा, २६ मध्ये फरक, १३ मध्ये टोन, २७ मध्ये साठवण. रिपीटर असेल तर आपण ६०० किलोहर्ट्झ खाली बोलायचं आणि ऐकायचं वर, त्यासाठी हा खटाटोप. पण माझ्या चष्म्याला तो पडदा झेपत नाही.

चर्प नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात सगळं तक्त्यासारखं दिसतं. लेजरच म्हणा ना! अडचण केबलची आली. स्वस्त केबलमधली चिप नकली निघाली आणि संगणक तिला ओळखेना. भाच्याने जुना ड्रायव्हर टाकला तेव्हा काम झालं. नवीन भरण्याआधी संचातलं जुनं सगळं उतरवून एक प्रत जपून ठेवा. ३६ वर्षं बॅलन्स जुळवलेल्या माणसाचं एवढं ऐका. काही संचांत चर्पमधून बोलण्याची हद्दही बांधता येते. मी बांधली, १४४ ते १४६.

आता रोज रात्री पावणेनऊला आम्ही पाच मिनिटं बोलतो. धंद्याचं बोलायला मनाई आहे, त्यामुळे केळीचा भाव भाचा फोनवरच सांगतो. ताईकडे परवाना नाही, म्हणून ती बोलत नाही, फक्त शेजारी बसते. पण तिचा खोकला ऐकू येतो, आणि तो कोरडा आहे की कफाचा हे मला इकडे कळतं.

सातव्या चॅनेलवर मी १४५.८०० मेगाहर्ट्झ टाकून ठेवलंय. अवकाश स्थानकातले अंतराळवीर शाळांमधल्या मुलांशी बोलतात ते याच आकड्यावर. स्थानक आपल्या डोक्यावर असेल तर एवढ्याशा संचावरही त्यांचा आवाज येतो, फक्त ऐकायचं, आणि तेही मोजकी मिनिटं. भाच्याच्या मुलीला या चॅनेलचं फार वेड. परीक्षेला किमान वय १२ लागतं, ते तिला मार्चमध्ये पूर्ण होतंय. क्यू-कोड तिने आत्ताच पाठ केलेत. परवा फोनवर मला विचारत होती, "आजोबा, तुमचा क्यूटीएच काय?" म्हटलं, "बुऱ्हाणपूर, लालबाग." तर म्हणते, "असं नाही, स्पेलिंग सांगा, ब्राव्हो, युनिफॉर्म, रोमिओ..."