सिमरोलच्या पुढची शाळा

“समाजसेवाच करायची तर बेळगाव तालुक्यात काय गावं कमी पडली?” असे बाबांनी विचारले, तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर मला समाजसेवेपेक्षा प्रवासाची हौस अधिक होती. इंदूरला मावशी राहते. तिच्या ओळखीच्या एका संस्थेला खेड्यातल्या शाळेत दीड महिना शिकवायला कॉलेजची मुले-मुली हवी होती. २०२४ च्या जूनमध्ये सुट्टी आणि काही बुडवलेल्या तासिका (प्राध्यापकांनी क्षमा करावी) यांची बेरीज करून मी निघाले आणि पुण्याला गाडी बदलून इंदूरला उतरले.

इंदूर म्हणजे काही परमुलूख नव्हे, अशी माझी समजूत होती. १८१८ पासून ती होळकरांची राजधानी. साहित्य संमेलन २००० साली बेळगावात भरले आणि लगेच पुढच्या वर्षी इंदुरात, म्हणजे आपले नाते जवळचेच! पण पहिल्याच सकाळी काकांनी पोहे-जिलेबीची बशी पुढे करीत विचारले, “काय करून राहिली ग?” मी म्हटले, “बसलोय की हो काका.” त्यावर ते पोट धरून हसले. मुलगी असून ‘बसलोय’ म्हणते! आता ‘करून राहिली’ म्हणणाऱ्याने ‘बसलोय’ला हसावे, हा न्याय मला काही पटला नाही.

शाळा खंडवा रोडवर, सिमरोलच्या पुढे आत गेलेल्या एका खेड्यात होती. वाटेत आय.आय.टी.च्या इमारती दिसतात. तिथून थोड्याच अंतरावर आमच्या दोन खोल्या, एक हातपंप आणि पटावरची एकेचाळीस मुले. या शाळेचा जन्म ऐकण्यासारखा आहे. मध्य प्रदेशात १९९७ साली शिक्षा गारंटी योजना निघाली. एक किलोमीटरच्या आत शाळा नसेल आणि गावाने चाळीस मुलांची (आदिवासी भागात पंचवीस) यादी देऊन मागणी केली, तर सरकारने नव्वद दिवसांत शिक्षक द्यायचा, असा करार. त्या शिक्षकाचे अधिकृत पदनामच ‘गुरुजी’ होते. आमच्या शाळेचे गुरुजी त्याच काळातले. डोके पांढरे झाले, शाळा पुढे नियमित झाली, पण गावात ते गुरुजीच राहिले. पाच इयत्तांना ते आणि आणखी एक शिक्षिका, एवढाच काय तो कर्मचारीवर्ग.

भिंतीवर मोठ्या अक्षरांत ‘शिक्षा का अधिकार’ लिहिले होते. मराठी शाळेत वाढलेल्या मला क्षणभर वाटले, छड्या खाण्याचाही हक्क असतो काय इथे! हिंदी मी सिनेमातून शिकलेली. पण मुलांचे तोंड उघडले आणि लक्षात आले की त्यांचीही हिंदी माझ्याइतकीच पुस्तकी आहे. घरी ती माळवी बोलत. ‘म्हारो’, ‘थारो’, आणि प्रत्येक प्रश्नाला ‘कई?’ म्हणजे ‘काय?’. पाठ हिंदीत, बोलणे माळवीत आणि दीदी बेळगावची.

पहिला आठवडा वाईट गेला. नंतर पाऊस झाला, सोयाबीनची पेरणी सुरू झाली आणि एकेचाळिसातली बाराच मुले येऊ लागली. मी हजेरीपट घेऊन घरोघर गेले. एका आजीबाईंनी मला पाणी दिले आणि विचारले, “तू पेरून देशील का?” त्यानंतर मी हजेरीपट गुरुजींच्या कपाटात ठेवून दिला.

वाणिज्य शाखेची म्हणून गणित माझ्याकडे आले. चौथीतला एक मुलगा फळ्यावरचा गुणाकार कधीच करीत नसे. एके दिवशी मी वैतागून तोंडी विचारले, “पंच्याऐंशी किलो कांदा, चौदा रुपये भाव, तर किती?” माझे गणित मनातल्या मनात चालू होते तोवर तो म्हणाला, “बारह सौ में दस कम.” वडिलांबरोबर तो इंदूरच्या मंडईत जात असे. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये आहे आणि प्रत्यक्षात हातात किती कमी पडतात, हेही त्याने मला समजावून सांगितले. बी.कॉम.च्या चार सेमिस्टरांत मला हमीभावाची व्याख्या आली होती. भाव ठाऊक नव्हता.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ते सांगते.

पाचवीत एक मुलगी होती. हुशार, पण वाचताना अडखळायची. ‘काला’ वाचताना ती ‘काळो’ म्हणायची आणि मुले हसायची, ती स्वतः घरी ‘काळो’च म्हणत असली तरी! मी थबकले. ‘ळ’ हा उच्चार माळवीत आहे, मराठीत आहे, आपल्या कन्नडमध्येही ‘ಳ’ आहे. पण पाठ्यपुस्तकाच्या हिंदीत नाही. तिच्या तोंडात असलेले अक्षर तिच्या पुस्तकातच नव्हते.

मला माझी अकरावी आठवली. ‘लेजर म्हणजे काय?’ असे इंग्रजीत विचारल्यावर मी तोंड शिवून उभी राहिले होते. रोजकीर्द मला येत होती, खतावणी येत होती. त्यांची इंग्रजी नावे तेवढी येत नव्हती. तीन महिने मी वर्गात मठ्ठ ठरले.

त्या आवेशात मी फळ्यावर मोठा ‘ळ’ काढला. “हे तुमचं अक्षर,” म्हटले. काय आनंद झाला मुलांना! काळो, फळ, शब्दांवर शब्द निघाले. ती मुलगी त्या दिवशी प्रथमच न अडखळता बोलली. मी मावशीकडे फोन करून अर्धा तास माझेच कौतुक केले.

जुलैअखेर चाचणी झाली. तिने उत्तरपत्रिकेत सात ठिकाणी ‘ल’च्या जागी ‘ळ’ लिहिला होता. तपासणाऱ्या शिक्षिकेने सातही शब्दांना लाल गोल केले आणि गुण कापले. नियमाप्रमाणे त्यांचे काहीच चुकले नव्हते. मुलीने कागद घडी घालून दप्तरात ठेवला, माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

मी गुरुजींकडे भांडायला गेले. त्यांनी चहा मागवला. “दीदी, मेरी माँ भी काळो ही बोलती थी,” ते म्हणाले. “पर पाँचवीं का पर्चा मैं नहीं जाँचूँगा. आप तो अगस्त में चली जाएँगी.” पाचवीला तिथे बोर्ड-पद्धतीची परीक्षा असते आणि पेपर बाहेर तपासले जातात. चहा फार गोड होता. मी तो सगळा प्यायले, कारण बोलण्यासारखे माझ्याजवळ काही उरले नव्हते. दीड महिन्याच्या पाहुणीने एक गोष्ट देऊन टाकली होती आणि तिची किंमत ती मुलगी वर्षभर भरणार होती.

उरलेल्या आठवड्यात मी रोज शाळा सुटल्यावर तिच्याबरोबर बसले. वहीच्या पानाचे दोन भाग केले, आमच्या खतावणीसारखेच. डावीकडे ‘घर’, उजवीकडे ‘पर्चा’. काळो डावीकडे, काला उजवीकडे. तिने नव्वदएक शब्द भरले. काही शब्द डावीकडे कसे लिहायचे ते मला येत नव्हते, ते तिने मला शिकवले. हा उपाय बरोबर की आणखी एक घोळ, हे मला अजून कळलेले नाही. गुरुजींनी वही चाळली आणि “ठीक है” एवढेच म्हणाले.

निघायच्या दिवशी मुले रस्त्यापर्यंत आली. मंडईवाल्या पोराने माझे बेळगावपर्यंतचे तिकीट किती, ते विचारून घेतले आणि तेवढ्यात किती किलो लसूण येईल ते सांगितले. ती मुलगी मागे उभी होती. बस दिसू लागली तेव्हा पुढे येऊन म्हणाली, “दीदी, आपके यहाँ ळ लिखने पर नंबर नहीं कटते?”

“नाही,” मी मराठीतच बोलून गेले, आणि तिला समजलेही.

“तो मैं वहाँ आ जाऊँ?”

सगळी हसली. बस थांबली होती आणि कंडक्टर हाका मारत होता. मी पिशवी उचलली.