उंबरमाळीचा चढ आणि क्लचचे निदान

व्यापारी घरातील छोटी मोटार केवळ कुटुंबाची कधीच नसते. सकाळी ती मातोश्रींना देरासरात सोडते, दुपारी दुकानाचे गठ्ठे वाहते आणि रविवारी सोयऱ्यांकडे जाते. 1983 साली मारुती 800 रस्त्यावर आली, तेव्हापासून अशा गाड्यांनी आपल्या कितीतरी घरांत मुनिमाच्या इमानाने सेवा केली आहे. या सेवेचा मोठा भार मात्र ज्या अवयवावर पडतो, त्याविषयी आपल्याला फार थोडे ठाऊक असते. तो अवयव म्हणजे क्लच.

इंजिन अखंड फिरत असते; चाकांना मात्र मधूनमधून थांबावे लागते. या दोघांना जोडणे आणि विलग करणे हे क्लचचे कार्य. इंजिनाच्या फ्लायव्हीलवर क्लच प्लेट टेकलेली असते आणि प्रेशर प्लेट तिला स्प्रिंगच्या जोराने दाबून धरते. पेडल दाबताच केबल ओढली जाते, रिलीज बेअरिंग पुढे सरकते, दाब सुटतो आणि इंजिन व चाके परस्परांपासून मोकळी होतात. प्रवचनात ‘भेदविज्ञान’ हा शब्द कानी पडला की हल्ली मला क्लच आठवतो. ही उपमा कितपत शास्त्रशुद्ध आहे, ते महाराजसाहेबांनीच सांगावे.

क्लचची दुखणी बहुधा दोन प्रकारची, आणि तीही परस्परविरुद्ध. कधी तो नीट सुटत नाही. मग गिअर अडखळतो आणि रिव्हर्स टाकताना करकर आवाज येतो. केबल सैल पडली असेल तर असे होते. कधी तो नीट धरत नाही. मग इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडी त्या प्रमाणात पळत नाही. चढावर तर जळकट वास येऊ लागतो. यालाच क्लच स्लिप होणे म्हणतात. पुष्कळ लोक या दोन्हींना सरसकट ‘क्लच गेला’ म्हणून मोकळे होतात आणि तिथेच खर्चाचा हिशेब चुकतो.

हा फरक मला नीट उमगला तो उंबरमाळीला. नाशिकला चातुर्मासासाठी विराजमान असलेल्या साध्वीजींच्या वंदनार्थ आम्ही श्रावणात दुपारी भिवंडीहून निघालो होतो. विल्होळीच्या धर्मचक्र तीर्थावर दर्शन घ्यावे आणि मातोश्रींचा चौविहार असल्याने सूर्यास्तापूर्वी मुक्कामी पोहोचावे, असा बेत होता. खर्डी ओलांडल्यावर प्रत्येक चढाला इंजिन ओरडू लागले आणि गाडी मागे रेटल्यासारखी चालू लागली. उंबरमाळीजवळ वास आला तेव्हा महामार्गालगतच्या एका पत्र्याच्या शेडसमोर गाडी उभी केली.

तेथील कारागिराने पाना हाती घेण्याआधी पेडल हाताने दाबून पाहिले. पेडलला वरच्या बाजूस थोडा मोकळा खेळ असावा लागतो. आमच्या गाडीत तो उरलाच नव्हता. प्लेट झिजत जाते तसा केबलच्या गाडीत हा खेळ कमी होतो. तो पूर्ण संपला की पाय पेडलवर नसतानाही बेअरिंग दाबलेले राहते आणि चांगली प्लेटसुद्धा घसरू शकते. त्याने गिअरबॉक्सजवळचा केबलचा नट फिरवून खेळ पुरेसा ठेवला. काम काही मिनिटांचेच होते. अनेकांचा आजार एवढ्यावरच बरा होतो, असे तो म्हणाला.

नंतर त्याने परीक्षा घेतली. चाकांना दगड लावले, हातब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. क्लच निरोगी असेल तर इंजिन गुदमरून तत्काळ बंद पडते. आमचे इंजिन मात्र काही क्षण तसेच चालत राहिले.

“शेठ, केबल लावून दिलीय, पण प्लेट संपलीय,” तो म्हणाला. “सपाटीनं हळूहळू घरी पोहोचाल. आजींना घेऊन घाटात नका जाऊ.”

पुढे कसारा घाट होता. त्याच डोंगरातून जाणाऱ्या लोहमार्गावर 37 फुटांमागे एक फूट चढ आहे. तेथे कसाऱ्याला रेल्वेगाडीस मागून रेटणारी जादा इंजिने जोडतात. आमच्या मागे रेटणारे कोण असणार? नट फिरवून, पैसे घेऊन तो आम्हांला पुढे धाडू शकला असता. मातोश्रींनी नाशिकच्या दिशेला तोंड करून भाववंदना केली. शेडखालीच सूर्यास्तापूर्वी पुऱ्या, खाखरे आणि बरोबरचे उकाळलेले पाणी घेतले व आम्ही परतलो.

भिवंडीत गिअरबॉक्स उतरवला तेव्हा प्लेटचे अस्तर रिव्हेटांपर्यंत झिजलेले दिसले. तेलगळतीनेही प्लेट घसरते, म्हणून इंजिनाचे ऑइल सील तपासले. ते कोरडे होते. प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग हे तिन्ही एकदमच बदलले. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी एका भागासाठीही तेवढीच पडते, हे व्यापाऱ्याला वेगळे समजावावे लागत नाही. झिजेचे कारण उघड होते: गठ्ठ्यांचे ओझे, भिवंडीची कोंडी आणि पेडलवर सतत टेकवलेला पाय. तो पाय कोणाचा, यावर घरात आठ दिवस चर्चा झाली. निष्कर्ष निघाला नाही. आता चढावर थांबताना गाडी अर्ध्या क्लचवर तोलून धरण्याऐवजी हातब्रेक ओढण्याचा नियम केला आहे.

नवी प्लेट बसेपर्यंत आरंभीचे काही शे किलोमीटर गाडी ओझ्याविना, जपून चालवली. पर्युषणानंतर क्षमापनेसाठी आम्ही पुन्हा नाशिकला निघालो. उंबरमाळीला मातोश्रींनी गाडी थांबवायला लावली आणि त्या कारागिराला हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणाल्या. तो संकोचला. काय बोलावे हे न सुचून त्याने गाडीचे दार उघडले, वाकून पेडल हाताने दाबून पाहिले आणि म्हणाला, “खेळ बरोबर आहे. आता जा आजी.”