पायाचं ओझं

दुखत होती ती नडगी. पोटरी दुखली असती तर समजलं असतं. क्लच दाबून दाबून पोटऱ्या भरतातच. पण हा पाय उजवा, आणि मामाच्या त्या जुन्या ट्रकमध्ये उजव्या पायाला कष्ट असे नव्हतेच. बाकी सगळं जड. स्टिअरिंग जड, क्लच जड, मागचा फाळका लावायला दोघं लागायचे. हलकं होतं ते एकच, रेसचं पेडल. चिमणी बसली असती तरी दबलं असतं.

लासलगावला कांदा भरायचा आणि कसारा घाट उतरून वाशीला खाली करायचा, हा आमचा रतीब. मामाचा गुडघा धरला, म्हणून त्या हंगामात स्टिअरिंगवर मी आणि शेजारी तो. चांगल्या रस्त्यावर पेडलाचा हलकेपणा सुखाचा वाटे. त्याचा खरा रंग दिसे तो मार्केटच्या आवारात, पहिल्या गिअरात, खड्ड्यांवर. चाक खड्ड्यात गेलं की माझं अंग पुढे, अंगाबरोबर पाऊल, पावलाबरोबर रेस. गाडी उसळी मारायची. उसळीनं मी मागे आपटायचो, पाऊल सुटायचं, गाडी नाक खाली घालायची आणि मी पुन्हा पुढे. ट्रक मी चालवतोय की खड्डे, तेच कळेना. मागे गोणी एकमेकींवर रेलायच्या. मामा बोलायचा काही नाही; फक्त डॅशबोर्डवरचा हात काढायचा नाही, आणि डोळा म्हणून लावायचा नाही. चालत्या गाडीशिवाय ज्याला धड झोप येत नाही असा हा माणूस, आणि माझ्या शेजारी तो रात्रभर टक्क जागा.

शेवटी गाडी गॅरेजला नेली. "पेडल फार हलकंय," असं सांगताना मलाच ओशाळल्यासारखं झालं. लोक जड पेडलाची तक्रार घेऊन येतात. मिस्त्री हसला नाही. त्यानं बॉनेट उघडलं आणि आधी पंपाकडे हात नेला.

डिझेल इंजिनाची रीत निराळी. कार्बोरेटरवाल्या पेट्रोल गाडीत पायानं उघडते ती हवेची झडप. आमच्या गाडीत हवेला आडकाठीच नव्हती. पायानं ठरायचा तो फक्त डिझेलचा घास. पेडलाला एक सळई, पुढे कोपऱ्यावर एक लिंक, मग दुसरी सळई आणि शेवटी फ्युएल पंपाचा लिव्हर. बॉश कंपनीनं १९२७ साली डिझेलचे पंप कारखान्यात घाऊक बनवायला घेतले, आणि पुढे कित्येक दशकं ट्रकवाल्यांचे पाय अशा सळयांनीच इंजिनाशी बोलत राहिले. मध्ये ना वायर, ना सेन्सर. दाबायचं काम पायाचं, परत आणायचं काम स्प्रिंगचं.

मिस्त्रीनं सळई सोडवली, पंपाचा लिव्हर बोटानं ढकलला आणि सोडला. टक्. जागेवर आला. "पंपाचं काही नाही भाऊ. सीलला हात लावायचा नाही." मग सांध्यांवर तेलाचे चार थेंब सोडून तो टॉर्च घेऊन पेडलाखाली शिरला. बाहेर आला तेव्हा चिमटीत एक स्प्रिंग होती. वेटोळ्यांमध्ये नख जाईल एवढ्या फटी, एक आकडा सरळ होत आलेला. मूळची कधीकाळी तुटली असणार आणि कुणीतरी हाताला लागली ती अडकवून वेळ भागवली असणार.

"कापून आखूड केली तर?" मी विचारलं. वेटोळी निम्मी केली की स्प्रिंग दुप्पट कडक होते, हे मला शाळेपासून पाठ. "होईल कडक," तो म्हणाला, "पण मेलेल्या तारेला कापून जीव येतो का?"

त्यानं बिस्किटाचा पत्र्याचा डबा उपडा केला. स्प्रिंगच स्प्रिंग. जेवढा ताण तेवढा जोर, हे रॉबर्ट हुकनं १६७८ साली पुस्तकात छापलं. तार दुप्पट जाड घेतली तर कडकपणा सोळापट होतो, हे हिशेब नंतरचे. मिस्त्रीचा हिशेब अंगठ्यात होता. एकेक स्प्रिंग ताणून बघत त्यानं सारख्या दोन काढल्या.

"दोन कशाला?"

"एक तुटली तर? रेस दाबलेलीच राहील. घाटात कुठं जाशील?"

अमेरिकेत १९७३ पासून हाच नियम आहे: पाय उचलल्यावर रेस परत आणणारे जोर दोन हवेत, एकमेकांवर न विसंबणारे. मिस्त्रीला तो बिस्किटाच्या डब्यातच सापडला होता.

पेडलाच्या दांड्यावर त्यानं एक पट्टी बसवली आणि तिला तीन भोकं पाडली. बिजागरीपासून लांबच्या भोकात स्प्रिंगा अडकवल्या तर पेडल दगडासारखं. अंतर दुप्पट केलं की दांडाही लांबतो आणि ताणही, म्हणून जोर चौपटीकडे जातो. जवळच्या भोकात पुन्हा आपली चिमणी. मधलं राहिलं. "पाय ठेव," तो म्हणाला. मी दाबला. "दाबू नको. ठेव."

ठेवला. पेडल जागचं हललं नाही. पाऊल आणि चप्पल मिळून किलोभर तरी वजन, ते आता स्प्रिंगांवर टेकलं होतं. इतके दिवस ते कोण धरून होतं? माझी नडगी. सहा-सात तास पाऊल अधांतरी, दाबलं जाऊ नये म्हणून उचलून धरलेलं. आजी जात्याशी बसायची तेव्हा म्हणायची, रिकामं जातं फिरवलं तर हात लवकर भरून येतो. खुंटा हलका झाला की हाताला आवरून धरावा लागतो, हे तिला ठाऊक होतं.

त्या रात्री पुन्हा कांदा भरला. आवारातले खड्डे तसेच होते. अंग पुढे गेलं, पाऊल जागेवर राहिलं. गोणी गप्प. इगतपुरी मागे पडली, मी खालचा गिअर टाकला आणि इंजिनाच्या आवाजावर घाट उतरू लागलो. दोन-तीन वळणं झाल्यावर मामाला काहीतरी सांगायला वळलो.

डॅशबोर्डवरचा हात मांडीवर आला होता. मामा घोरत होता.